थोड्या मिळकतीतील घरखर्च : वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी एक पाठ

पाठाचा हेतू

प्राथमिक शाळेत गणित शिकविले जाते, परंतु ते बहुधा पुस्तकातच राहते. सरळव्याजाची उदाहरणे अचूक सोडविणारा विद्यार्थी घरी उसनवारीवर किती व्याज जाते हे सांगू शकत नाही. सहावी-सातवीच्या वर्गातील मुले काही वर्षांतच स्वतः मिळवती होतील व स्वतःचा संसार चालवितील. त्यांच्या अंगी हिशेबाची सवय आताच बाणावी, हा या पाठाचा हेतू होय. पाठास दोन तासिका पुरेशा आहेत. पहिलीत फळ्यावरील जमाखर्च घ्यावा व दुसरीत खरेदी, व्याज आणि बचत यांचा विचार करावा.

एक गोष्ट शिक्षकाने आरंभीच ध्यानी ठेवावी. कोणाही मुलास वर्गात स्वतःच्या घरची मिळकत अथवा कर्ज विचारू नये. ज्याच्या घरी चणचण असते त्यास असा प्रश्न फार लागतो. सर्व हिशेब फळ्यावरील कल्पित कुटुंबाचाच करावा. आपल्या घराशी ताडून पाहण्याचे काम मुले मनातल्या मनात आपोआप करतात.

विषयप्रवेश

अंबरनाथ तालुक्यातील मुलांस परिसराच्या परिचयापासूनच या विषयाकडे नेता येईल. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराची मोठी छावणी होती. १९४७ साली फाळणी झाली आणि सुमारे एक लाख सिंधी निर्वासित या छावणीच्या बराकींत येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. घरदार सिंधमध्ये सोडून आलेल्या या कुटुंबांनी पापड, लोणची, मिठाई असे पदार्थ घरी करून गाडीत व रस्त्यावर विकले. त्यातून जे उरे ते पुन्हा धंद्यात घातले. आज तेथे कापडाचा, लाकडी सामानाचा व जीन्सच्या कपड्यांचा मोठा बाजार दिसतो. त्याचा पाया अशा लहान शिलकीवर घातला गेला आहे.

शेजारचे अंबरनाथ हे इ. स. १०६० च्या शिवमंदिराचे गाव. विसाव्या शतकात तेथे काडेपेट्यांचा कारखाना, संरक्षण खात्याचे कारखाने व पुढे औद्योगिक वसाहत आली. बदलापूर हे उल्हास नदीकाठचे गाव लोहमार्गामुळे वाढले. मुंबई-ठाण्यात घरे परवडेनाशी झाली तशी अनेक कुटुंबे येथे राहावयास आली. या तिन्ही ठिकाणी ठरावीक पगारावर, रोजंदारीवर वा नगावर काम करणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी महिन्याची अखेर कशी होते, हाच आजच्या पाठाचा विषय.

शिक्षकाने वर्गास विचारावे : "एकाच वस्तूला श्रीमंत माणूस अधिक पैसे देतो की गरीब माणूस?" बहुतेक मुले "श्रीमंत" असे उत्तर देतील. हे उत्तर पुष्कळदा चुकीचे ठरते. ते का, हे पाठाच्या शेवटी मुलांनीच सांगावयाचे आहे.

फळ्यावरील जमाखर्च

बदलापुरात भाड्याच्या खोलीत राहणारे चौघांचे एक कुटुंब कल्पावे. वडील अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. त्यांना दरमहा १४,००० रुपये मिळतात. आई उल्हासनगरहून येणाऱ्या जीन्सचे धागे कापण्याचे काम घरी नगावर करते. तिला सुमारे ४,००० रुपये मिळतात. एकूण जमा १८,००० रुपये झाली. खर्च येणेप्रमाणे मांडावा :

घरभाडे – ४,५००
किराणा – ५,०००
भाजी व दूध – २,७००
गॅस व वीज – १,१५०
प्रवास – ५००
मोबाइल – ५००
मुलांचे शिक्षण – ६००
औषधपाणी – ५००
बाहेरचा चहा-नाश्ता – ९००
कपडे व सण – ५००
फ्रीजचा हप्ता – १,५००
एकूण – १८,३५०

बेरीज मुलांकडूनच करून घ्यावी. जमेपेक्षा खर्च ३५० रुपयांनी जास्त आहे. ही तूट लहान दिसते, पण वर्षात ती ४,२०० रुपये होते. हे पैसे आणावयाचे कोठून? बहुधा वाण्याच्या उधारखात्यातून अथवा ओळखीच्या सावकाराकडून ते येतात. या कुटुंबात कोणी उधळ्या नाही. आईबाप दोघेही कष्ट करतात. तरीही घर दरमहा थोडे थोडे खाली जाते, आणि हिशेब मांडलेला नसल्याने ते कोणाच्या ध्यानीही येत नाही. जमाखर्च लिहिण्याचा पहिला लाभ हाच की, गळती कोठे आहे ते दिसू लागते.

गरिबास वस्तू महाग का पडते

आता किराण्याची रक्कम पाहू. हाती रोख नसली म्हणजे डाळ पाव पाव किलो आणावी लागते. पाव किलोस ४० रुपये पडले, तर किलोस १६० रुपये झाले. तीच डाळ एक किलो रोखीने घेणाऱ्यास १३६ रुपयांस मिळाली, असे धरू. एका किलोमागे २४ रुपयांचा फरक पडला. शिवाय उधारीचे गिऱ्हाईक त्याच दुकानाशी बांधले जाते. त्यास दुसऱ्या दुकानी भाव विचारण्याची सोय राहत नाही. यात वाण्याचा दोष काढण्याचे कारण नाही. आजारपणात, काम सुटले असता तोच धान्य देतो, आणि पैसे बुडण्याचा धोकाही तोच पत्करतो. त्या धोक्याची किंमत मात्र भावात मिसळलेली असते.

रेल्वेच्या पासातही हाच प्रकार दिसतो. नित्य प्रवास करणाऱ्यास रोजच्या तिकिटापेक्षा मासिक पास पुष्कळच स्वस्त पडतो. तीन महिन्यांचा पास मासिक पासाच्या सुमारे २.७ पट किमतीस मिळतो, तर वर्षाचा पास सुमारे १०.८ पट किमतीस मिळतो. म्हणजे एकदम पैसे भरणाऱ्याचा दहावा हिस्सा वाचतो. बदलापूरहून मुंबईस, साठाहून अधिक किलोमीटर रोज जाणाऱ्यास ही रक्कम लहान नाही. परंतु ज्याच्याजवळ तीन महिन्यांचे पैसे एकदम नसतात, त्याने ही सवलत घ्यावी कशी?

येथे या पाठाचे मर्म आहे. स्वस्त वस्तू स्वस्तात घेण्यासाठी आधी थोडी रोख रक्कम हाती असावी लागते. म्हणून थोड्या मिळकतीच्या घरात पहिली बचत वस्तूंसाठी वा सणासाठी नव्हे, तर उधारीतून बाहेर पडण्यासाठी करावयाची असते. ही पहिली शिल्लक साधली की पुढची बचत तिच्यामधूनच निघते.

पहिली शिल्लक कशी पाडावी

फळ्यावरील प्रत्येक खर्चासमोर मुलांना तीनांपैकी एक खूण करावयास सांगावे : "कमी करता येत नाही", "कमी करू नये" आणि "कमी करता येईल". या तीन रकान्यांवरील चर्चा हा पाठातील सर्वांत उपयुक्त भाग ठरेल.

घरभाडे व हप्ता तूर्त कमी करता येत नाहीत. डाळ, दूध, भाजी, औषध आणि मुलांचे शिक्षण हे खर्च कमी करू नयेत. घरातील आईने स्वतःच्या ताटातले कमी करून वाचविलेला पैसा ही बचत नव्हे. तो अशक्तपणाच्या रूपाने व्याजासह परत द्यावा लागतो. मुलीची शाळा सोडवून वाचविलेला पैसाही तसाच. शासकीय व जिल्हा परिषदेच्या शाळांत आठवीपर्यंत शिक्षण व पाठ्यपुस्तके विनामूल्य आहेत, दुपारचा आहारही मिळतो. हे हक्क आहेत, उपकार नव्हेत, हेही मुलांना सांगावे.

आता "कमी करता येईल" हा रकाना घ्यावा.

बाहेरचा चहा-नाश्ता महिन्याला ९०० रुपयांचा आहे. तो सर्वस्वी बंद करा, असे सांगणे माणुसकीस धरून नाही. कामावरच्या माणसास चार मित्रांबरोबर चहा हाच विसावा असतो. परंतु आठवड्यातून दोन दिवस डबा वा घरची भाकरी नेली, तर ३०० रुपये उरू शकतात.

मोबाइलचा हिशेब मुलांना विशेष आवडेल. पुष्कळ योजनांची मुदत २८ दिवसांची असते, महिन्याची नव्हे. ३६५ भागिले २८ केले म्हणजे वर्षात १२ ऐवजी १३ वेळा पैसे भरावे लागतात हे कळते. घरात दोन मोबाइल असतील, तर दोहोंस मोठी योजना खरोखर लागते काय, हे पाहावे. येथे १५० रुपये वाचले असे धरू.

विजेचा हिशेब असा मांडावा. ६० वॉटचा तारेचा दिवा रोज ५ तास जळला, तर ३० दिवसांत ९ युनिट होतात. तेवढाच प्रकाश देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा १.३५ युनिट घेतो. मोरीत व स्वयंपाकघरात असे दोन जुने दिवे असतील, तर ते बदलल्याने महिन्याला १५.३ युनिट वाचतात. युनिटास साडेसहा रुपये धरल्यास सुमारे १०० रुपये होतात. महावितरणाच्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो व पुढचा अधिक. म्हणून शंभरीच्या आसपास असलेल्या घरास थोडे युनिट वाचविण्याचाही लाभ जास्त होतो. मात्र वीज वाचविण्यासाठी महागडा नवा पंखा हप्त्याने घेणे हे उलटे गणित होय. आधी स्वस्त दिवा, मग हाती पैसा आल्यावर पंखा, असा क्रम असावा.

३००, १५० व १०० मिळून ५५० रुपये झाले. त्यातून ३५० ची तूट भरून निघाली आणि २०० रुपये उरले. हे २०० रुपये म्हणजेच ती पहिली शिल्लक.

या २०० रुपयांत महिन्याचा सारा किराणा रोखीने येणार नाही. त्याची गरजही नाही. पहिल्या महिन्यात केवळ डाळ रोखीने आणावी, दुसऱ्या महिन्यात तेल, तिसऱ्यात तांदूळ. अशा रीतीने एकेक वस्तू उधारखात्यातून सोडवावी आणि जुनी बाकी थोडी थोडी फेडीत जावी. सणाचा बोनस अथवा नगाच्या कामाची थकलेली मजुरी एकरकमी मिळाली, तर तीही आधी याच कामी लावावी. सर्व किराणा रोखीवर आला व त्यात दहावा हिस्सा वाचला, तर ५०० रुपये आणखी उरतात. मग शिल्लक ७०० रुपयांची होते, म्हणजे वर्षाला ८,४०० रुपये. वर्षाला ४,२०० रुपयांनी खाली जाणारे घर त्याच मिळकतीत वर येऊ लागले.

खरेदीतील दक्षता

पूर्वी शेर, पायली अशी मापे गावोगावी निरनिराळी असत. १९५८ पासून दशमान वजने क्रमाक्रमाने लागू झाली आणि भावांची तुलना सोपी झाली. तिचा उपयोग मात्र गिऱ्हाइकाने करावयास हवा.

पुड्यावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते आणि तीत सर्व कर धरलेले असतात. तिच्यापेक्षा अधिक घेता येत नाही, कमी मात्र घेता येते. म्हणून दोन दुकानी भाव विचारण्यात संकोच मानू नये. नव्या नियमांनुसार अनेक पुड्यांवर एका ग्रॅमची, किलोची वा लिटरची किंमतही छापलेली असते. ती वाचावयाची सवय मुलांना लावावी. ती छापलेली नसेल, तर भागाकार करावा. मोठा पुडा नेहमीच स्वस्त असतो, हा समज खरा नाही. केस धुण्याच्या शाम्पूची लहान पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. शिवाय जो पदार्थ संपण्यापूर्वी खराब होतो, तो मोठ्या मापाने घेणे ही बचत नव्हे. तेव्हा आकार पाहून नव्हे, भागाकार करून ठरवावे.

वजनात खोट आली वा छापील किमतीहून अधिक पैसे घेतले गेले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. पावती मागून घ्यावी. पावतीवाचून तक्रार लंगडी पडते.

ज्यांची शिधापत्रिका राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ खालील प्राधान्य गटात आहे, त्यांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कुटुंबास ३५ किलो मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे. कामानिमित्त दुसऱ्या गावाहून आलेल्या पात्र कुटुंबास गावी न जाता येथील रास्त भाव दुकानातूनही ते घेता येते. बदलापूर-अंबरनाथमध्ये बाहेरून आलेली कुटुंबे पुष्कळ असल्याने ही माहिती घरोघर पोहोचणे अगत्याचे आहे.

व्याज व हप्ता

"शेकडा पाच" हे शब्द ऐकावयास हलके वाटतात. पण खाजगी सावकारीत हा दर बहुधा महिन्याचा असतो. ५,००० रुपयांवर महिन्यास २५० रुपये व्याज झाले, तर वर्षास ३,००० रुपये होते. हा दर साल दर शेकडा ६० झाला. मुद्दल मात्र तसेच उभे राहते. बचत खात्यात मिळणारे व्याज याच्या पासंगासही पुरत नाही. सबब ज्याच्या डोक्यावर असे कर्ज आहे, त्याने शिल्लक पडताच प्रथम ते फेडावे. कर्जफेडीइतकी लाभदायक बचत दुसरी नाही. महाराष्ट्रात सावकारीवर २०१४ च्या कायद्याचे नियंत्रण आहे आणि परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे, हेही सांगावे.

हप्त्याची खरेदीही गुणाकार करून पाहावी. १५,००० रुपयांचा फ्रीज दरमहा १,५०० रुपयांप्रमाणे १२ हप्त्यांनी घेतला, तर १८,००० रुपये द्यावे लागतात. ३,००० रुपये अधिक गेले. मात्र हप्त्याने एक गोष्ट सिद्ध होते, ती ही की, हे घर दरमहा १,५०० रुपये बाजूस काढू शकते. म्हणून फ्रीजचा हप्ता संपला तरी हप्ता थांबवू नये. तो आता स्वतःच्या खात्यात भरावा. वर्षभरात १८,००० रुपये जमतील आणि पुढची वस्तू रोखीने येईल.

शिल्लक कोठे ठेवावी

घरातील डब्यात ठेवलेला पैसा सहज खर्च होतो. टपाल खात्याची बचत बँक १८८२ पासून चालू आहे. तेथील पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा १०० रुपयांपासून भरता येतात. २०१४ पासून जनधन योजनेखाली बँकेत किमान शिलकेवाचूनही खाते उघडता येते. बँकेतील ठेवीस ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. हे संरक्षण पतसंस्थांना लागू नाही. तेव्हा जास्त व्याजाच्या मोहाने सारी पुंजी एके ठिकाणी ठेवू नये.

उल्हासनगरात व आसपासच्या चाळींत भिशी हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. बारा स्त्रियांनी दरमहा ५०० रुपये जमविले, तर ६,००० रुपये होतात आणि ते पाळीपाळीने एकेकीस मिळतात. नियमाने पैसे बाजूला पडतात, हा भिशीचा गुण. परंतु आधी पाळी घेऊन कोणी पुढचे पैसे भरावयाचे थांबविले, तर शेवटचीचे पैसे बुडतात आणि हाती लेखी पुरावाही नसतो. म्हणून भिशी ओळखीच्या व मोजक्या माणसांतच असावी, तिची वही ठेवावी व प्रत्येक महिन्यास सह्या घ्याव्या. अनोळखी माणूस मोठ्या लाभाचे आमिष दाखवून पैसे गोळा करीत असेल, तर तेथून दूरच राहावे. यापेक्षा महिलांचा बचत गट अधिक सुरक्षित असतो. त्याचे बँकेत खाते असते, सभेचे इतिवृत्त लिहिले जाते आणि अडचणीत सभासदास रास्त व्याजाने कर्जही मिळते. १९९२ पासून नाबार्डने अशा गटांना बँकांशी जोडण्याचे काम चालविले आहे. गटाची वही लिहिणे हे काम सातवी शिकलेली मुलगीही उत्तम करू शकते.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. फळ्यावरील कुटुंबाची तूट कशामुळे होती? कोणाचा दोष होता काय?
२. २०० ग्रॅमचा चहा ७० रुपयांस व ५०० ग्रॅमचा १८५ रुपयांस मिळतो. कोणता स्वस्त?
३. मासिक पास २०० रुपये असून तिमाही पास त्याच्या २.७ पट असल्यास तीन महिन्यांत किती वाचतील?
४. "शेकडा तीन" दरमहा या दराने ४,००० रुपयांवर वर्षाचे व्याज किती?
५. कोणत्या तीन गोष्टींत काटकसर करू नये, व का?

दुसऱ्या प्रश्नात लहान पुडा किलोस ३५० व मोठा ३७० रुपये पडतो, हे मुलांना स्वतःच शोधू द्यावे. आकारावर विसंबणारे येथे चुकतील आणि ती चूक त्यांच्या कायमची स्मरणात राहील.

गृहपाठ

विद्यार्थ्याने एका आठवड्यापुरता स्वतःच्या हातून झालेल्या खर्चाचा जमाखर्च लिहावा. पेन्सिल, खाऊ, रिक्षाभाडे, जे असेल ते नोंदवावे. घरातील वडील माणसांच्या खर्चाची चौकशी करण्यास मुलास पाठवू नये. चहाचे पैसे मोजणारा मुलगा बापास आवडत नाही, व तसे करणे योग्यही नाही. ज्याच्या हातून काहीच खर्च होत नाही त्याने घरातील पुड्यांवरील पाच वस्तूंचे वजन व किंमत टिपून दर किलोचा भाव काढावा.

समारोप

शेवटी आरंभीचा प्रश्न पुन्हा विचारावा : एकाच वस्तूला अधिक पैसे कोण देतो? आता मुले सांगतील की, ज्याच्या हाती रोख नाही तो अधिक देतो. काटकसरीने थोडी मिळकत मोठी होत नाही. रास्त मजुरी व नियमित काम यांची जागा बचत घेऊ शकत नाही, हे मुलांपासून लपवू नये. परंतु त्याच मिळकतीत उधारीखाली दबणारे घर व मोकळा श्वास घेणारे घर यांत जे अंतर असते, ते प्रथम पहिल्या दोनशे रुपयांचे असते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. अंथरुणाची लांबी मोजावी कशी, हे शाळेने शिकवावयाचे आहे.